घामाला अमोनियाचा वास : स्नायू जळतायत की आणखी काही?

दमछाक
मंडळी, शंका जरा विचित्र आहे, पण विचारतोच.

आठवड्यातून एकदा लांब पल्ला धावतो, सकाळी, उपाशीपोटी. पहिला तासभर सगळं ठीक असतं. त्यानंतर घामाला अमोनियासारखा वास यायला लागतो, अगदी नाकात झोंबेल असा. वजन उतरवायचं म्हणून हल्ली कार्ब्स बरेच कमी केलेत. त्याआधी हा प्रकार नव्हता. जिममधले ट्रेनर म्हणाले, "स्नायू जळतायत तुमचे. धावताना बीसीएए पीत जा." (म्हणजे तीन अमिनो आम्लांची पावडर.)

व्यायामात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, खरंच इंधन म्हणून जळतात का? जळत असतील तर किती? आणि कार्ब्स कमी केल्याचा याच्याशी काय संबंध? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अ-जीवनसत्त्व
जाणकार येईपर्यंत एक अजाण प्रश्न. टीशर्ट धुता ना? घामात युरिया असतो आणि कपड्यांत मुक्काम ठोकलेले जीवाणू त्याचा अमोनिया करतात.

दमछाक
धुतो हो! बदलूनही पाहिले. वास कपाळावरच्या घामालाही येतो.

लोखंडप्रेमी
ट्रेनर बरोबर सांगतायत. उपाशीपोटी कार्डिओ म्हणजे कष्टाने कमावलेलं अंग फुकट घालवणं. इंधन मिळालं नाही की शरीर स्नायू तोडून खातं. मी कित्येक वर्षं दोन सेटच्या मध्ये बीसीएए पितोय. साइझ बघून लोक थांबून विचारतात.

मूलकण
लोखंडप्रेमी, साइझबद्दल वाद नाही :) पण 'स्नायू तोडून खातं' यात थोडं खरं आहे आणि बरंच फुगवलेलं. जरा मुळापासून लिहितो, लांबेल.

आकुंचन पावायला स्नायूला फक्त एटीपी (पेशीला थेट ऊर्जा पुरवणारा रेणू) चालतं, आणि तेच साठवायची सोय जवळपास नाही. जीव खाऊन पळालात तर हाताशी असलेलं एटीपी दोन-तीन सेकंदांत उडेल. म्हणून ते खर्च होत असतानाच बनवत राहावं लागतं. पहिले आठ-दहा सेकंद क्रिएटिन फॉस्फेट (एटीपी झटपट भरून देणारा स्नायूतला छोटा साठा) निभावून नेतं. पुढची भिस्त कर्बोदकं आणि चरबीवर. रमतगमत चालताना चरबीचा वाटा मोठा असतो. वेग वाढवला की पारडं कर्बोदकांकडे झुकतं, कारण त्यांच्यापासून एटीपी लवकर बनतं आणि तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये थोडी जास्त ऊर्जा सुटते. धाप लागलेली असताना तो थोडासा फरकही मोलाचा.

आता साठे बघा. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन (ग्लुकोज साठवायचं रूप) ढोबळमानाने ३०० ते ५०० ग्रॅम, यकृतात ८० ते १०० ग्रॅम, आणि सबंध शरीराच्या रक्तात मिळून साखर चार-पाच ग्रॅम. हो, फक्त चार-पाच. तेवढ्यावर मेंदू चालतो, त्यामुळे ती पातळी टिकवायला यकृत सतत राबत असतं.

स्नायूंतलं ग्लायकोजेन त्या कामी येत नाही. ग्लायकोजेन फुटल्यावर ग्लुकोजला फॉस्फेट चिकटलेला असतो. तो काढणारं एन्झाइम यकृताकडे आहे, स्नायूंकडे नाही. फॉस्फेटवालं ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकत नाही. म्हणजे दंडात ग्लायकोजेन ठासून भरलेलं असलं तरी धावणाऱ्या पायांना त्यातलं ग्लुकोज थेट मिळत नाही.

रात्रभराच्या उपाशी पोटाने यकृताचा साठा बराच खाली येतो, स्नायूंचा मात्र जवळपास शाबूत राहतो. दमछाक, तुमचा पहिला तास बरा जातो तो यामुळेच. पण तुम्ही कार्ब्सही कमी केलेत. म्हणजे आदल्या व्यायामात रिकामे झालेले स्नायू पुन्हा पुरते भरतच नसणार.

अमिनो आम्लांबद्दल पुढच्या प्रतिसादात. हात दुखले.

निवांत पाखरू
वाचतेय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

मूलकण
तर अमिनो आम्लं.

चरबी आणि ग्लायकोजेन ही राखीव पुंजी आहे. प्रथिनांचं तसं नाही. शरीरातलं बहुतेक प्रथिन कामावर रुजू असतं: स्नायूतंतू, एन्झाइम्स, प्रतिपिंडं. सुटी अमिनो आम्लं रक्तात आणि पेशींत असतात ती थोडी. त्यामुळे शरीर ती जाळतं, पण हात आखडता घेऊन. पोट नीट भरलेलं असेल तर व्यायामातल्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा साधारण ३ ते ५ टक्के.

ग्लायकोजेन आटलं की हा आकडा चढतो. १९८० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. त्याच माणसांना तासभर सायकल चालवायला लावली, एकदा ग्लायकोजेन भरलेल्या अवस्थेत आणि एकदा ते रिकामं करून. भरलेलं असताना प्रथिनांचा वाटा ४.४ टक्के आला, रिकामं असताना १०.४ टक्के. व्यायाम तोच, फरक फक्त ग्लायकोजेनचा.

आता तुमच्या धावेचा हिशोब करू. दीड तासात अंदाजे १००० कॅलरी धरा. १० टक्के म्हणजे १०० कॅलरी, म्हणजे २५ ग्रॅम प्रथिन. तेही सगळं स्नायूंतून येत नाही, आतड्याच्या आणि यकृताच्या प्रथिनांतूनही येतं. दिवसाच्या जेवणात त्याची भरपाई होऊन जाते. रोज उपाशी पळून दिवसभरही पोटाला चिमटा काढला तर मात्र महिनोन् महिने तूट साचत जाईल. तिथे लोखंडप्रेमींची काळजी रास्त आहे.

निवांत पाखरू
पण हे मोजतात कसं? आत डोकावून तर बघता येत नाही.

मूलकण
नायट्रोजन! कर्बोदकं आणि चरबीत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. अमिनो आम्लात नायट्रोजन असतोच. ते जाळायचं तर नायट्रोजन सोडवून युरियाच्या रूपात बाहेर टाकावा लागतो. प्रथिनात वजनाने १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून बाहेर पडलेल्या दर ग्रॅम नायट्रोजनमागे ६.२५ ग्रॅम प्रथिन जळालं असं धरतात.

याची एक झकास गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात लीबिग या बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की स्नायूंचं इंधन म्हणजे प्रथिनच. स्नायू काम करताना स्वतःलाच जाळतो. त्याच्या वजनापुढे बोलणार कोण! १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधल्या फाउलहॉर्न डोंगरावर चढले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिन वर्ज्य केलं होतं. खाणं म्हणजे स्टार्चच्या तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा. चढताना आणि नंतरचे काही तास दोघांनी आपापली लघवी गोळा केली आणि तिच्यातला नायट्रोजन मोजला. प्रत्येकी ३७ ग्रॅमच्या आसपास प्रथिन जळालं होतं.

आता आकडेमोड करा. चढाई १९५६ मीटरची. सत्तर किलोचा माणूस तेवढा वर न्यायचा तर नुसतं उचलण्याचं काम ३२० कॅलरींचं. स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्के धरली तर प्रत्यक्ष खर्च १२०० कॅलरींच्या वर. ३७ ग्रॅम प्रथिनातून मिळतात जेमतेम १५० कॅलरी. लीबिगचं गणित कोसळलं ते असं. दोन माणसं, एक डोंगर आणि काही बाटल्या. मला तर हा प्रयोग आजच्या कित्येक महागड्या प्रयोगांपेक्षा देखणा वाटतो.

घामातला नायट्रोजन मात्र त्यांच्या हिशोबात नव्हता. आणि आपल्या धाग्याचा विषय नेमका तोच आहे.

अ-जीवनसत्त्व
बाटल्या घेऊन डोंगर चढणारे प्राध्यापक! पीएचडीचे विद्यार्थी असते तर बाटल्या त्यांनाच वाहायला लावल्या असत्या.

दमछाक
मूलकण, जबरदस्त. पण मग तो वास?

मूलकण
अमोनिया दोन वाटांनी तयार होतो.

पहिली वाट अमिनो आम्लांची. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, म्हणजेच बीसीएए, यांचं वैशिष्ट्य असं की यकृत त्यांना फारसं हात लावत नाही. त्यांचा अमिनो गट काढणारं एन्झाइम मुख्यतः स्नायूंत असतं. तो गट ग्लुटामेट या अमिनो आम्लामार्गे पायरुव्हेटवर (ग्लुकोज फुटून बनणारा तुकडा) चढवला की अ‍ॅलानिन हे दुसरं अमिनो आम्ल तयार होतं. अ‍ॅलानिन रक्तातून यकृतात जातं. तिथे नायट्रोजन काढून युरिया करतात आणि उरलेल्या सांगाड्यापासून ग्लुकोज बनवून रक्तात सोडतात. ते ग्लुकोज पुन्हा स्नायूंकडे. काही नायट्रोजन ग्लुटामिन या आणखी एका अमिनो आम्लावर बसून निघतो आणि काही सुटा अमोनिया म्हणून रक्तात उतरतो.

दुसरी वाट एटीपीच्या ओढाताणीची. एटीपी पुरेसं बनत नसलं की दोन एडीपींपासून (एटीपी खर्च झाल्यावर उरणारं रूप) एक एटीपी आणि एक एएमपी (आणखी एक फॉस्फेट गमावलेलं रूप) अशी जुळवाजुळव होते. ते एएमपी साचू नये म्हणून त्याचा अमिनो गट तोडला जातो, की झाला अमोनिया. याचा प्रथिनं जळण्याशी संबंधच नाही. जोरदार स्प्रिंटनंतर रक्तातला अमोनिया चढतो तो मुख्यतः या वाटेने.

ग्लायकोजेन कमी असलं की दोन्ही वाटा रुंदावतात. यकृताला आवरेना इतका अमोनिया झाला की तो श्वासातून आणि घामातून निघतो. तेव्हा तुमच्या नाकाला कळतंय ते इतकंच की टाकी तळाला गेलीय. मूठभर मांडी जळाली असा त्याचा अर्थ नव्हे. (व्यायाम न करताही असा वास येत असेल, तर मात्र यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या. ते फोरमवर विचारायचं प्रकरण नाही.)

लोखंडप्रेमी
म्हणजे मी म्हणतोय तेच झालं की! बीसीएए स्नायूंत जळतात असं तुम्हीच लिहिलंत. मग पिऊन भरपाई का नको?

मूलकण
कारण प्यायलेले जास्तीचे बीसीएए स्नायू जास्तच जाळतात. व्यायामात त्यांना जाळणारं एन्झाइम आधीच जागं झालेलं असतं, त्यात माल वाढवलात की नायट्रोजनही वाढणार. व्यायामाआधी बीसीएए दिल्यावर रक्तातला अमोनिया वाढलेला प्रयोगांत दिसलाय. दमछाक यांच्या तक्रारीवर हा उपाय म्हणजे आगीत तेल.

आणि स्नायू बांधायचा म्हणाल तर आवश्यक अमिनो आम्लं नऊ आहेत. ल्युसिन हे बांधकाम सुरू करायचा इशारा देतं, हे खरं. पण मुकादमाने शिट्टी मारली आणि साइटवर नऊपैकी तीनच प्रकारचं सामान आलं, तर उरलेलं सामान येणार कुठून? स्वतःच्याच जुन्या भिंती फोडून. दूध, अंडी, व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रथिन), डाळी-धान्यांचं मिश्रण, यातल्या कशातूनही नऊच्या नऊ मिळतात, बीसीएए त्यात आलेच.

लोखंडप्रेमी
डबा अर्धा शिल्लक आहे. तो तर संपवणारच.

अ-जीवनसत्त्व
संपवा. डब्यात नंतर स्क्रू छान राहतात.

वजनदार
माझा प्रश्न लोखंडवाल्यांच्या बाजूचा आहे. मी धावत नाही, बारबेल उचलते. एका सेटला अर्धं-पाऊण मिनिट. मग मला कार्ब्स कितपत लागतात? आणि व्यायाम झाल्या झाल्या अर्ध्या तासात प्रोटीन शेक घेतला नाही तर सगळं वाया, हे खरं का?

मूलकण
सेट छोटा असला तरी ताकद ग्लायकोजेनवरच येते. सुरुवातीला क्रिएटिन फॉस्फेट, मग ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय फोडणं. वापरलेल्या स्नायूंतलं ग्लायकोजेन एका सेशनमध्ये साधारण पाव ते ४० टक्के उतरतं. म्हणजे टाकी रिकामी होत नाही. दिवसाचं जेवण नीट असेल तर तासाभराच्या सेशनमध्ये गोड पाणी पीत बसायची गरज नाही. मात्र शेवटच्या सेट्सना रेप्स गळायला लागले असतील आणि तुम्ही कडक लो-कार्बवर असाल, तर कारण शोधायला लांब जाऊ नका.

शेकचं असं आहे. वजन उचलल्यावर नवीन प्रथिन बनण्याचा वेग चढतो आणि एक-दोन दिवस चढलेला राहतो. त्याचबरोबर तोडमोडही वाढते. उपाशीच राहिलात तर गोळाबेरीज उणेच येते. अमिनो आम्लं पोटात गेली की ती अधिक होते. त्यामुळे खायचं हे नक्की, पण घड्याळाकडे बघत धावायची गरज नाही. आधीचं जेवण दोन तासांपूर्वी झालं असेल तर त्याची अमिनो आम्लं अजून रक्तात येतच असतात.

एका वेळी २० ते ४० ग्रॅम प्रथिन, आणि दिवसभरात शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत. त्याहून वर गेल्याने सरासरीत फारसा जास्त फायदा दिसत नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नयेत.

शेकमध्ये साखर घातली की इन्शुलिन वाढून स्नायू जास्त बनतात, हेही फार चालतं. प्रथिन पुरेसं असेल तर वरून कार्ब्स घातल्याने स्नायूबांधणी वाढत नाही. कार्ब्स घ्यायचे ते ग्लायकोजेन भरायला.

सत्तरीतला तरुण
उत्तम धागा. मी मधुमेही, रोज फिरतो आणि थोडी वजनंही उचलतो. फिरून आल्यावर साखर उतरते, पण वजनं उचलल्यावर कधी कधी चढलेली दिसते. असं उलटं का?

मूलकण
काका, दोन्ही बरोबर आहे. एरवी ग्लुकोजला स्नायूत शिरायला इन्शुलिन लागतं. ग्लुटफोर नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या आत असतात, इन्शुलिनच्या निरोपाने ती आवरणावर येतात. काम करणारा स्नायू त्यांना इन्शुलिनशिवायही बाहेर बोलावतो. टाइप २ मधुमेहात इन्शुलिनचा निरोप नीट पोचत नसला तरी ही दुसरी वाट बहुतांशी चालू असते. म्हणून फिरल्यावर साखर उतरते, आणि व्यायामानंतर बराच काळ स्नायू इन्शुलिनचंही जास्त ऐकतात.

जोर लावला की अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं आणि यकृत भराभर ग्लुकोज सोडतं. स्नायू घेतात त्यापेक्षा यकृत जास्त देतं, म्हणून काही काळ आकडा वर. सहसा आपोआप खाली येतो. इन्शुलिन किंवा साखर खूप उतरवणारी गोळी चालू असेल तर व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही साखर पडू शकते. त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी नक्की बोला.

अ-जीवनसत्त्व
लॅक्टिक आम्लाचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आठवतं ते.

मूलकण
जिन्याचा आणि त्याचा संबंध नाही. लॅक्टेट तासाभरात रक्तातून निवळतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं तंतूंच्या सूक्ष्म इजांचं आणि त्यावरच्या सुजेचं. लॅक्टेट हे तर इंधन आहे. हृदय ते आवडीने जाळतं आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. या फेऱ्याला कोरी चक्र म्हणतात. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला ग्लायकोजेनवरच्या कामासाठी १९४७ चं नोबेल मिळालं.

मॅकआर्डल नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात स्नायूंना ग्लायकोजेन फोडताच येत नाही. या लोकांच्या रक्तात जोराच्या व्यायामातही लॅक्टेट वाढत नाही. मग ते न थकता पळत असतील? उलट, थोडं जोरात चाललं तरी स्नायू आखडतात. आणि अमोनिया मात्र भरपूर वाढतो. वर लिहिलेल्या दोन वाटा आठवा.

दमछाक
आता मुद्द्यावर येतो. करू काय? चरबीही उतरवायची आहे.

मूलकण
चरबी उतरते ती दिवसाच्या, आठवड्याच्या एकूण तुटीने. उपाशीपोटी धावताना त्या तासात चरबी थोडी जास्त जळते हे खरं, पण शरीर बाकीच्या दिवसात हिशोब बराचसा फिटवून घेतं. म्हणून कार्ब्सची काटछाट करायचीच तर हलक्या दिवशी करा. लांब धावेच्या आदल्या दिवशी करू नका. संपलेलं ग्लायकोजेन पुरतं भरायला भरपूर कार्ब्स खाऊनही जवळजवळ २४ तास लागतात.

यावर १९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी स्वतःवर केलेला प्रयोग भारी आहे. एकच सायकल, दोघे दोन बाजूंना, प्रत्येकाचा एकच पाय पेडलवर. दमेपर्यंत चालवली. मग तीन दिवस कर्बोदकांचा भडिमार, आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे तुकडे काढून तपासणी. आराम केलेल्या पायात फारसा फरक नाही. दमलेल्या पायात ग्लायकोजेन नेहमीच्या दुपटीपर्यंत! जेवण दोन्ही पायांना तेच होतं, पण साठवण वाढली ती राबलेल्या पायातच.

धावताना म्हणाल तर तासाच्या वर जाणार असाल तेव्हा ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स. अडीच-तीन तासांच्या वर असेल तर ९० पर्यंत, पण मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवेत. आतड्यात ग्लुकोजची वाट ताशी ६० ग्रॅमच्या आसपास तुंबते, फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे.

निवांत पाखरू
माझं पोट धावताना काहीच ठेवून घेत नाही. दोन घोट गोड प्यायले तरी ढवळतं.

मूलकण
तासाभराच्या जोरकस धावेसाठी नुसती चूळ भरून थुंकलंत तरी थोडा फायदा होतो. २००४ मध्ये सायकलपटूंवर हे करून पाहिलं होतं. माल्टोडेक्स्ट्रिन या कर्बोदकाच्या पाण्याची चूळ, एक थेंब पोटात नाही, तरी वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. त्याच संशोधकांनी आधी शिरेतून ग्लुकोज देऊन पाहिलं होतं, त्याने काही झालं नव्हतं. तोंडातले संवेदक मेंदूला खबर देतात आणि मेंदू लगाम सैल सोडतो, असं मानतात.

त्याहून लांब पल्ल्याला चूळ पुरणार नाही. तिथे पोटालाच सराव द्यायचा. सरावाच्या धावांमध्ये पातळ द्रावणाचे लहान घोट, दर दहा-पंधरा मिनिटांनी. काही आठवड्यांत आतडं जास्त साखर शोषायला शिकतं. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काहीही नवीन तोंडात घालू नका.

निवांत पाखरू
चूळ भरून थुंकत धावणारी बाई दिसली तर ती मीच, असं समजा.